सतरा नंबर

"हे शेन कुनी फासलंय?" अण्णांनी विचारलं.

मी रिक्षातून नुकताच उतरवलेला स्टीलचा ड्रम भोसरीतल्या आमच्या घरापुढे, हातभर सिमेंटच्या ओट्यावर उभा होता. भंगार बाजारातून आणलेला, तीस लिटरचा. त्याचं बूड सडलं होतं, म्हणून नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून नवं बूड आणि एक नळ बसवून घेतला होता. अण्णा उकिडवे बसले, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला.

"वेल्डिंग आहे ते, अण्णा. शेण कसलं?"

"कोन गडी हाय हा?"

"नाक्यावरचा."

"त्याला म्हणावं, भजी तळ."

माझे वडील तेहेतीस वर्षं प्रेशर व्हेसलच्या कारखान्यात वेल्डर होते. म्हणजे वाफेच्या, गॅसच्या दाबाच्या टाक्या. तिथे सांधा फुटला तर माणसं मरतात. म्हणून प्रत्येक वेल्डरला एक नंबर असतो, आणि आपण केलेल्या सांध्याशेजारी तो त्यानं पोलादी पंचानं ठोकायचा असतो. अण्णांचा नंबर सतरा. रिटायर होताना ते आपले पंच घरी घेऊन आले आणि मग घरातली एकही वस्तू सुटली नाही. खिडकीच्या जाळीवर सतरा, पाण्याच्या टाकीच्या स्टँडवर सतरा, आईच्या उलथन्याचा निखळलेला दांडा बसवून दिला तर त्यावरही सतरा. "एक दिवस झोपेत माझ्या कपाळावर ठोकतील," आई म्हणायची.

"कशाला आनलायस ह्यो?" अण्णांनी विचारलं.

इथे थाप मारता आली असती. पण अण्णांना थाप मारायची माझी टाप नव्हती.

"बिअर करायचीय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायचा असे. खोकल्याच्या औषधाची बाटलीही अण्णा लेबल वाचून मगच घरात घ्यायचे. असं का, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. माणूस सरळमार्गी आहे, एवढंच मी धरून चालले होते.

मग मी सगळं सांगून टाकलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. यीस्ट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दुसऱ्यांचं यीस्ट मोजत बसले होते. बाणेरला पै नावाच्या गृहस्थांनी स्वतःची बिअर स्वतः बनवणारं हॉटेल काढलं होतं. त्यांचा परदेशी ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, जानेवारीत मायदेशी परतणार होता. त्याच्या जागेसाठी आम्ही तिघं उरलो होतो. बाकीचे दोघं पुरुष, दोघंही परदेशात शिकून आलेले. पै आम्हाला म्हणाले होते, "सर्टिफिकेटं बघून झाली. वीस डिसेंबरला मला थंडीतली जड बिअर पाजा, स्वतःच्या हातानं केलेली. आणि ज्यात केली ते भांडंही आणा. भांडं बघितलं की मला माणूस कळतो." घरी बिअर करणं कायद्याच्या पुस्तकात कुठे बसतं, ते मला विचारू नका. मला ती जागा हवी होती. इतकं दुसरं काहीच मला कधी हवंसं वाटलं नव्हतं.

अण्णांनी ड्रमवरचा हात काढून घेतला.

"दारूला मी हात लावनार न्हाई," ते म्हणाले.

"बरं."

"पन असलं वेल्डिंग माझ्या दारात उभं ऱ्हानार न्हाई. लोक म्हनतील, सतरा नंबरनं केलंय."

ड्रम स्कूटरला बांधून ते ओळखीच्या शेडमध्ये घेऊन गेले आणि दुसऱ्या संध्याकाळी परत आणला. नाक्यावरची भजी घासून काढून त्यांनी सांधा नव्यानं भरला होता. आईच्या करंजीची मुरड असते ना, तसा एकसारखा, एकही वळण कमीजास्त नाही. मी ड्रम उलटा करून सगळीकडून पाहिला.

"नंबर कुठाय?"

"दारूच्या भांड्यावर न्हाई," अण्णा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दसरा झाल्यावर मी माल लावला. साध्या बिअरला लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले जव, वर कऱ्हाडकडची काकवी, सुंठ आणि वाळवलेली संत्र्याची साल. साधी बिअर तीन आठवड्यांत ग्लासात येते. ही जड, कडक. हिला लोणच्यासारखं मुरू द्यावं लागतं, निदान दोन महिने. शेजारच्या सुतार काकूंनी वास घेत विचारलं तेव्हा आईनं ठोकून दिलं, "हेमाच्या ऑफिसातला काढा आहे, आयुर्वेदिक." काकूंनी गुडघ्यांसाठी वाटीभर मागून ठेवला. अण्णा ड्रमला शिवत नसत. पण झाकणावरच्या काचेच्या नळीतून हवेचे बुडबुडे निघायचे, ते दारात उभं राहून घड्याळ लावून मोजायचे.

"मिनिटाला बावीस," ते मला सांगायचे. "काल चोवीस व्हतं."

चौथ्या आठवड्यात, दिवाळी होऊन गेल्यावर, मी चव बघायला झाकण उघडलं.

"आई, स्टोव्ह सांडला का गं?"

"नाही बाई. आज पेटवलाच नाही."

मी नळाखाली ग्लास धरला. ग्लासातल्या फेसाला रॉकेलचा वास येत होता. उजेडात धरला तर वरती पातळ, सप्तरंगी तवंग.  तेवढ्यात अण्णा आले, माझा चेहरा पाहून ड्रमपाशी वाकले आणि त्यांनी एकदाच श्वास घेतला. ते लगेच सरळ उभे राहिले नाहीत.

"टेस्ट केली व्हती," ते म्हणाले. "तू माल्ट आनाया गेलीवतीस, तवा. भाईरनं चुना, आतनं रॉकेल. एक डाग न्हाई आला. मग साबनानं धुतला. कढत पान्यानं, दोनदा."

ही त्यांच्या कामातली जुनी रीत. सांध्याला बाहेरून चुना फासायचा आणि आतून रॉकेल लावायचं. पाणी शिरत नाही अशा वाटेनंही रॉकेल शिरतं. सांध्यात सुईएवढं छिद्र असलं तरी चुन्यावर काळा डाग उमटतो. तेहेतीस वर्षांत या टेस्टशिवाय त्यांच्या हातून एकही टाकी बाहेर गेली नव्हती. फक्त त्या टाक्यांमधलं कुणी पीत नसे. नाक्यावरच्या त्या पठ्ठ्यानं बुडाचा पत्रा ड्रमच्या पत्र्यावर चढवून बसवला होता. दोन पत्र्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत रॉकेल जाऊन बसलं ते बसलं. आमचं आंघोळीचं पाणी रॉकेलच्या स्टोव्हवर तापायचं, त्यामुळे त्या वासाला आमची नाकं सरावली होती. आणि मी, लॅबमधली हुशार बाई, मी ड्रममधला प्रत्येक जंतू औषध घालून मारला, पण भरण्याआधी त्यात एकदा नाक घालून बघितलं नाही.

हे सगळं मला पुढे सुचलं. त्या वेळी मी वेगळंच बोलले.

"तुम्हाला नकोच होती तर सरळ सांगायचं, अण्णा. रॉकेल कशाला ओतायचं?"

"हेमे!" आई ओरडली.

 अण्णांनी झाकण नीट बसवलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

चार आठवड्यांची मेहनत मी मोरीत ओतून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रमही जागेवर नव्हता.  दोन दिवस अण्णा पहाटे जायचे, अंधार पडता पडता यायचे, भाकरी अर्धी टाकून उठायचे. "बोललीस ते बोललीस," आई मला म्हणाली, "पण ज्या माणसानं आयुष्यात कधी वाकडा टाका घातला नाही, त्याला म्हणालीस." ते मलाही कळत होतं, आणि माफी मागायला तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ड्रम ओट्यावर परत आला. जुनं बूड कापून काढलेलं होतं. त्या जागी जाड पत्र्याचं, परातीसारखं खोलगट नवं बूड, कडेला कड भिडवून जोडलेलं. फट राहायला जागाच नव्हती. आतून सांधा इतका घासला होता की नखसुद्धा अडकत नव्हतं. ड्रम काठोकाठ पाण्यानं भरलेला आणि खाली वर्तमानपत्र अंथरलेलं.

"कालच्यान पानी भरलंय," अण्णा म्हणाले. "कागद बघ."

कागद कोरडा ठणठणीत होता.

"रॉकेल—"

"पानी. फकस्त पानी." त्यांनी नळ सोडून ड्रम रिकामा केला आणि माझ्यापुढे आडवा धरला. "हुंग."

मी डोकं आत घालून वास घेतला. नुसतं स्टील. दुसरं काहीच नाही.

"अण्णा, मी परवा—"

"दिस किती ऱ्हायले?"

"सदतीस."

"लाग मग."

सदतीस दिवसांत ही बिअर होत नाही. ज्यानं कधी केली आहे असा कुणीही तुम्हाला हे सांगेल. तरी मी केली. नेहमीच्या चौपट यीस्ट घातलं, तेही स्वतः मोजून, लॅबमध्ये वाढवून आणलेलं. यीस्टला गारठा लागला तर ते झोपतं, ऊब जास्त झाली तर नको ते वास सोडतं. त्या वर्षी भोसरीत थंडीही अशी की सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागायची. मी नोकरीवर जायची, आणि ड्रमची राखण अण्णांनी आपल्याकडे घेतली. ड्रमला थर्मामीटर चिकटवला. सकाळ, दुपार, संध्याकाळ आकडा बघून भिंतीवर खडूनं लिहायचे. पारा उतरला की ड्रमला गोधडी गुंडाळायची, चढला की गोधडी काढून ओलं पोतं. आतल्या थेंबालाही त्यांनी स्पर्श केला नाही. नळाखाली दोन थेंब सांडले तर मी येऊन पुसेपर्यंत तिथून वळसा घालून जायचे. पण खडूचा एकही आकडा चुकला नाही. भिंत भरली तसे ते दारावर लिहायला लागले, तेव्हा मात्र आईनं हात जोडले.

वीस डिसेंबरला सहा बाटल्या आणि रिकामा ड्रम घेऊन आम्ही रिक्षानं बाणेरला गेलो. अण्णा "ड्रम उचलाया" म्हणून आले. इस्त्रीचा शर्ट घालून. दुपारची वेळ होती, हॉटेल रिकामं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. अण्णांनी दारात चपला काढल्या. बिअरच्या हॉटेलात चपला काढून आत गेलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस असावा.

पैंनी बाटली उघडून ग्लास तिरका धरून ओतली. काकवीच्या रंगाची बिअर, वर दाट फेस. ते एक घोट प्यायले, थांबले, आणखी एक घेतला.

"सुंठ?"

"हो."

"छान आहे. पण कोवळी आहे." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "वय काय हिचं?"

"पाच आठवडे."

"मी तुम्हाला दहा दिले होते. बाकीचे पाच कुठे गेले?"

बोलायला बरंच काही होतं. माल्ट उशिरा आलं, लॅबमध्ये सुट्टी मिळाली नाही. रिक्षात बसून मी यातलं एक तयारही केलं होतं. पण शेजारी अण्णा ड्रमवर हात ठेवून अनवाणी उभे होते.

"पहिली खेप वाया गेली," मी म्हणाले. "भांड्याला रॉकेलचा वास होता. भरण्याआधी मी हुंगून बघितलं नाही. चूक माझी."

"न्हाई साहेब." अण्णा पुढे झाले. "पोरीची न्हाई. रॉकेलची टेस्ट मी केली, तिला न इचारता. सांधा माझा, चूक माझी. नंबर हाय, बघा."

त्यांनी ड्रम उलटा केला. बुडाच्या कडेला, सांध्याशेजारी, दोन ठसठशीत आकडे होते. सतरा. मी सदतीस दिवस त्या ड्रमपाशी उठबस केली होती आणि तो मला दिसला नव्हता.

पैंनी वाकून सांध्यावरून बोट फिरवलं, मग आत हात घालून आतूनही. "प्रेशर व्हेसलमध्ये होता तुम्ही?"

"तेहेतीस वर्षं."

"आणि भांडं बिघडल्यावर नंबर ठोकलात?"

"व्हय. नंबर मिरवाया नसतो साहेब. चुकलं तर कुनाला धरायचं, त्ये कळावं म्हनून असतो. आधी मारला न्हाई, तितंच माझं चुकलं."

 पैंनी दुसरा ग्लास भरला आणि अण्णांपुढे सरकवला. "घ्या काका. लेकीच्या हातची आहे, चाखा तरी."

अण्णांनी हात जोडले. "माफी असावी. एकदा पिऊन कामाव गेलोवतो. सांधा टेस्टला फुटला. मानूस मेला न्हाई, देवाची किरपा. पन सहा म्हयने नंबर काढून घेतला माझा. कंपनीच्या शॉपमदी झाडू मारला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, बघितलं मात्र नाही. "ही जलमली तवा मला नंबर नव्हता. पुन्यांदा मिळाला तवापासनं शिवलो न्हाई."

सत्तावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. "दारूच्या भांड्यावर न्हाई" म्हणून ते हातपाय धुवायला निघून गेले होते, ते मला आठवलं. रॉकेल कशाला ओतायचं, हे मी विचारलं होतं, तेही आठवलं. 

अण्णांनी ग्लास उचलला नाही. ते टेबलावर वाकले आणि डोळे मिटून त्यांनी सावकाश वास घेतला.

"रॉकेल न्हाई," ते म्हणाले. पुन्हा एकदा घेतला. "संत्र्याची साल हाय. काकवी हाय. ब्येस हाय की!"

पैंना हसू आलं. मग ते गंभीर झाले आणि माझ्याकडे वळले. "खरं सांगतो. बाकीच्या दोघांची बिअर हिच्याहून मुरलेली आहे." मी उरलेल्या बाटल्या पिशवीत भरायला लागले. "पण एकाच्या भांड्याला आतून गंजाचे खवले आहेत. विचारलं, तर म्हणे भांडं दुकानदारानं खराब दिलं. दुसऱ्यानं भांडं आणलंच नाही. बिअर काय, मुरते. माणूस मुरत नाही. पाच जानेवारीला सकाळी आठला या."

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आज माझ्या हाताखाली मोठाल्या सहा टाक्या आहेत आणि थंडीतली ती जड बिअर दर डिसेंबरला लोक नाव घेऊन मागतात. ती मी पुरे दहा आठवडे मुरवते. माल भरण्याआधी प्रत्येक टाकीत नाक घालते, आणि नव्या पोरांना त्याचं हसू येतं. येऊ दे. टाक्यांच्या पायाशी एक नंबर ठोकलेला आहे, तो मात्र सतरा नाही.

त्या दिवशी बाणेरहून आम्ही घरी आलो तेव्हा ओट्यावर अजून ऊन होतं. अण्णांनी ड्रम उलटा ठेवला, घरातून हातोडी आणि पंचांचा पत्र्याचा डबा आणला. डब्यातून दोन पंच निवडले आणि माझ्या हातात दिले. एक आणि आठ.

"कंपनीत टेस्ट पास झाल्याबिगर नंबर देत न्हाईत," ते म्हणाले. "झालीस तू आज. सतराच्या म्होरं अठरा. धर."

"मी?"

"मग कोन? दोन आकडे, दोन घाव. एका आकड्याला दुसरा घाव घातला की दुहेरी उमटतं. मनगट ढिलं सोडू नगंस."

आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "चला, माझं कपाळ वाचलं," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मी सतराच्या शेजारी पंच टेकवला आणि हातोडी मारली. एक उमटला. दुसरा घाव घातला, आठ उमटला, जरासा कललेला. अण्णांनी चष्मा खाली घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. मी शाबासकीची वाट बघत होते.

"आठ कललाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. आता बिघडलं तर तुला धरीन."

ठोकाठोकी ऐकून सुतार काकू कुंपणाशी आल्या. "काय चाललंय वो भाऊजी? त्यो काढ्याचा ड्रम ना? माझी वाटी ऱ्हायलीय हां."

आईनं घाईघाईनं तोंड उघडलं. अण्णांनी हातानंच तिला थांबवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले.

"काढा न्हाई वो वैनी. बिअर हाय. माझ्या लेकीनं केलीया."